पंच्याखालचा भाव

निहार आणि इरा,

महाशिवरात्रीच्या सुमारास निहारने आपल्या घरच्या ग्रुपवर एक कागद टाकला होता आणि मी त्याला तो ताबडतोब काढायला लावला होता, हे तुम्हां दोघांना आठवत असेल. त्या कागदावर आपल्या सापगावच्या घराची खरेदीची किंमत होती. निहारने सरकारी संकेतस्थळावर तालुका शहापूर, गाव सापगाव असं निवडून, घरपट्टीच्या पावतीवरचा मिळकत क्रमांक टाकून ती दोन मिनिटांत शोधली होती. खाली लिहिलं होतं, "आजी, तू तर लूटच केलीस!" आणि पुढे हसरी तोंडं. मी फोन करून म्हटलं, आधी ते काढ. निहार, तू म्हणालास, "अगं, पण ते कोणालाही दिसतं. मी काढून काय होणार?" मी म्हटलं, "तरी काढ." तू काढलंस, आणि पुढचे चार दिवस माझ्याशी जरा जपून बोललास.

तुमच्याकडे परदेशात शेजाऱ्याचं घर केवढ्याला गेलं हे लोक पाऊस येणार का ते बघावं तितक्या सहज बघतात, असं तू मला नंतर सांगितलंस. आपल्याकडेही आता बघता येतं. फक्त बघता येतं हे पुष्कळांना माहीत नाही. मला ते घर घेतलं त्या दिवसापासून माहीत आहे, आणि त्या दिवसापासून मी घाबरत आले आहे.

मागच्या महिन्यात एक गोष्ट घडली आणि त्यामुळे आता मला हे लिहिता येतंय. आणखी एक कारण आहे. मी सत्त्याहत्तर वर्षांची झाले. माझ्यामागे हे घर तुमच्या आईकडे आणि मग तुमच्याकडे येईल. निहारला जो आकडा दिसला ती या घराची अर्धीच किंमत आहे. उरलेली अर्धी तुम्हांला माहीत असायला हवी. ती सांगायची, तर ज्यांच्याकडून मी हे घर घेतलं त्यांच्याबद्दल सांगायला हवं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हांला सोपं गेलं असतं, पण त्यांचं बोलणं इंग्रजीत बसत नाही. अडेल तिथे आईला विचारा.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांचं नाव लिहीत नाही. कागदावर नाव गेलेलं त्यांना आवडायचं नाही.

काका मूळचे मुरबाडकडचे, म्हसाजवळच्या एका पाड्यावरचे, पुढे सापगावात घर करून राहिलेले. नाचणी आणि भात, थोडी जमीन. पण त्यांचा खरा धंदा म्हणजे म्हसाच्या जत्रेत बैलांचे सौदे जुळवायचे. तिथे भाव बोलून ठरत नसे. विकणाऱ्याचा हात एका बाजूने, घेणाऱ्याचा दुसऱ्या बाजूने, दोन्ही पंच्याखाली. एक बोट दाबलं की एक, पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, ते आधी डोळ्यांनी ठरलेलं. भोवती पन्नास माणसं उभी असायची आणि त्यांना दोन निर्विकार चेहरे आणि एक हलणारा पंचा यापलीकडे काही दिसायचं नाही. मध्ये उभं राहून दोन्हीकडच्या बोटांना समेटावर आणायचं, हे काकांचं काम.

हे काम वर्षातले आठ-दहा दिवस. काकांनी ते उरलेले साडेतीनशे दिवसही चालू ठेवलं होतं.

त्यांना कशाचाही भाव विचारायची सोय नव्हती. शहापूरच्या बाजारातून भाजी घेऊन आले की मी सहज विचारायची, "काका, वांगी कशी दिली?" ते म्हणायचे, "दिली चांगली. खा." काड्यापेटी, साबण, चहाची पुडी, जे काही घरात येईल त्यावरची छापील किंमत ते ओट्यावर बसून नखाने खरवडून काढायचे. काकी चिडायच्या. "अहो, दुकानदाराला म्हायती, मला म्हायती, तुमाला म्हायती. मंग कोनापासून लपवता?" काका म्हणायचे, "साबणाला कशाला म्हायती पायजे?"

एका लग्नातली गोष्ट सांगते. आपल्याकडे गावच्या लग्नात आहेर लाउडस्पीकरवर पुकारतात. अमक्या गावच्या अमक्यांकडून एकशे एक, तमक्यांकडून एकवीस. एकवीसवाला माणूस मांडवात मान खाली घालून जेवत असतो. त्या दिवशी सापगावातल्याच एका विधवा बाईचा आहेर पुकारला आणि मांडवात कोणीतरी हसलं. काका उठले, खांद्यावरचा पंचा काढला आणि भोंग्याच्या तोंडात कोंबला. पुकारणारा आपला बोलतोय आणि बाहेर नुसतं गुरगुर गुरगुर. नवरदेवाचा मामा धावत आला. "काय ओ, वेड लागलं का?" काका शांतपणे म्हणाले, "लागलं. जेवून जातो." आणि खरोखर पंगतीत जाऊन बसले. पंचा भोंग्यातच राहिला.

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते तरुण असताना म्हसाला एका शेतकऱ्याची बैलजोडी विकत होते. वारा सुटला आणि ऐन सौद्यात पंचा उडाला. शेतकऱ्याच्या भावाने बोटं पाहिली. घरी त्याला याहून कमी भाव येईल असं सांगितलेलं होतं. शेतकऱ्याने वरचे पैसे बायकोच्या दवाखान्यासाठी बाजूला ठेवायचे ठरवले होते, हे काकांना माहीत होतं, भावाला नव्हतं. त्या घरात पुढे मधोमध भिंत उभी राहिली. "भाव दोघांचा असतो, बाई," काका म्हणाले. "तिसऱ्याला दिसला का त्याचं भांडण व्हतं. तिसऱ्याला आकडा दिसतो. आकडा का, ते नाय दिसत."

हे वाक्य मी पुढे फार वेळा आठवलं.

आता आम्ही त्यांच्याकडे कसे आलो ते. मला शहापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली तेव्हा तुमची आई दीड वर्षाची होती. तुमचे आजोबा आसनगावहून रोज कल्याणला कामाला जाणार होते. आम्ही खोली शोधत आठ दिवस फिरलो. घरं रिकामी असायची, आम्ही आवडायचो, माझं इंग्रजी तर फारच आवडायचं. मग आडनाव विचारलं जायचं आणि खोली कालच कोणाला तरी दिलेली असायची. माझ्या वडिलांनी बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली होती, हे तुम्हांला माहीत आहे. खोल्या कालच का जातात हे आम्हांला समजत होतं, आणि समजत असल्याचं दाखवायचं नाही हेही.

सापगावात काकांच्या ओट्यावर आजोबा स्वतःच म्हणाले, "आमचं आडनाव आधी सांगतो, म्हणजे पुढे..."

काकांनी हात वर केला. "भाडं द्याल ना?"

"देऊ."

"मंग आडनाव घिऊन मी काय करू? ठेवा तुमच्याकडंच."

"भाडं किती?" आजोबांनी विचारलं.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. ओट्यावर मी, काकी, आणि दोन कोंबड्या. "हितं?" ते म्हणाले, आणि आजोबांना आत घेऊन गेले. आजोबा बाहेर आले ते हसू दाबत. मी विचारलं, किती ठरलं? ते म्हणाले, "तीन बोटं आणि वर अर्धं. पण शेकडा की दहा, ते डोळ्यांनी ठरतं म्हणे, आणि मला त्यांच्या डोळ्यांत काही दिसलं नाही." पहिल्या महिन्याला आम्ही अंदाजाने दिलं आणि काकांनी बरंचसं परत केलं, तेव्हा कळलं.

आजोबा गेले तेव्हा तुमची आई आठवीत होती. त्यानंतर भाड्याचं बोलणं काकी करायच्या. माझ्या पदराखाली हात घालायच्या, बोटं दाबायच्या, आणि आपलं हसू आवरायच्या. मग काकीही गेल्या. आणि त्यानंतर एकोणीस वर्षं माझं भाडं एका पैशानेही वाढलं नाही, कारण परक्या बाईचा हात पंच्याखाली धरणं काकांना शक्य नव्हतं आणि तोंडाने भाव बोलणं त्याहून अशक्य.

मला ते टोचायचं. मी हिशेबाला चोख. एकदा मी आपणहून पाकिटात जास्त घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्तीचे पैसे त्याच पाकिटात दाराखालून आत आले. मी ओट्यावर गेले. "काका, हे वाढवलेलं भाडं आहे."

"कोणी ठरवलं?"

"मी."

"एकट्यानं भाव ठरत नाय, बाई."

पुढे त्यांची मुलगी सुमन माहेरी परत आली. तिच्या नवऱ्याने भिवंडीत दुसरं घर केलं होतं. ती एक पिशवी आणि शिवणाचं मशीन घेऊन आली, मागच्या खोलीत राहू लागली आणि अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. मी काकांना म्हटलं, आता तरी सुमनच्या हाताने भाडं सांगा. ते म्हणाले, "माघारी आलेल्या पोरीच्या हातात भाव नाय द्यायचा. तिचा आधीच झालाय."

सुमनचा थोरला भाऊ कल्याणला राहतो. शहापूरच्या जमिनींचे भाव चढायला लागले तसा तो दर रविवारी यायला लागला. एकदा पांढऱ्या गाडीतून मुंबईचे एक गृहस्थ आले, घराभोवती फिरले, माझ्यासमोरच मोठ्याने भाव बोलले, मागच्या खोलीत डोकावून "ही पाडू" असं म्हणाले. खोलीत सुमन मशीनवर बसलेली होती. काका ओट्यावर होते. त्यांनी ऐकलं.

त्या आठवड्यात एक दिवस सकाळी त्यांनी सुमनला दळण घेऊन गिरणीवर पाठवलं आणि मला मागच्या अंगणात शेवग्याखाली बोलावलं.

"बाई, हात द्या."

मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. मी हात पुढे केला. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. ऐंशीच्या घरातला माणूस. एकोणीस वर्षं ज्या संकोचाने माझं भाडं वाढलं नव्हतं, तो संकोच त्यांच्या तोंडावर तसाच होता. त्यांनी माझी बोटं दाबली.

ते घर विकत होते, मला. आणि दाबलेली बोटं पांढऱ्या गाडीवाल्याच्या भावाच्या निम्म्याहून थोडी जास्त होती. मी डोकं हलवलं आणि आणखी बोटं दाबली. मी घेणारी, आणि मीच भाव चढवत होते. त्यांनी पुन्हा तीच दाबली, इतकी जोरात की दुखलं.

"हे पैसे पोराला जातील, सगळे," ते म्हणाले. "बाकीचा भाव बोटांत बसत नाय, म्हणून सांगतो. मागची खोली सुमीची. ती हाय तवर. हे तिचं अर्धं."

"मग खोली तिच्या नावावर करा ना, काका. लिहून ठेवू."

"लिवलं का भाऊ रोज येईल सही मागायला. तो नाय आला तर तिचा नवरा येईल. आणि तिनं वाचलं तर? बापानं भाव कमी करून ठेवली म्हणून राहते, असं तिला वाटलं ना, ती दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन जाईल. माझीच पोर हाय."

"मग तिला काय सांगायचं?"

"बाई एकट्या हायत, त्यांना सोबत पायजे. तुमचा गुडघा दुखतो ना?"

"थोडा दुखतो."

"जास्त दुखू द्या."

मी हो म्हटलं. मुलांनो, तुम्ही इथे आलात की माझं लंगडणं बघून काळजी करता. त्यातलं निम्मं वयाचं आहे.

आता माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं.

खरेदीखत लिहिणारे गृहस्थ शहापूरचे, सभ्य. ते म्हणाले, "बाई, सरकारी बाजारभाव इतका निघतो आणि तुमचा मोबदला बराच कमी आहे. मुद्रांक शुल्क तुम्हांला बाजारभावावरच भरायचंय. मग मोबदलाही तेवढाच दाखवू. कागद बरा दिसतो." मी म्हटलं, "जेवढे देते आहे तेवढेच लिहा." आयुष्यभर मुलांच्या वह्यांत मी खोटं उत्तर चालवून घेतलं नव्हतं, ते इथे कसं चालवणार? धनादेश काकांच्या नावाचा, आकडा खरा. मला त्या दिवशी स्वतःबद्दल समाधान वाटलं होतं. दोन आकडे एकमेकांच्या खाली, एक पूर्ण आणि एक निम्मा, असे कायमचे मांडून ठेवले ते मी. कोणीही पाहिलं की पहिला प्रश्न तोच पडणार: उरलेले कुठे गेले?

नोंदणी कार्यालयात गर्दी होती. टेबलामागच्या तरुणाने मोठ्याने विचारलं, "मोबदला किती, बाबा?" काका चाळीस माणसांकडे बघत उभे राहिले. मग वाकून त्यांनी कागदावर पंचा पसरला. मी पंच्याची कड उचलून तरुणाला आकडा बोटाने दाखवला. तरुणाने आकडा टाइप केला आणि तो पडद्यावर उमटला. तसा काकांनी पंचा पडद्यावर टाकला.

लोक हसले. तरुणही हसला, पण वाईट नव्हता. "बाबा, असं नका करू, फोटो काढायचाय तुमचा. आणि पंचा कुठं कुठं घालणार? हे समदं ऑनलाइन जाणार."

"म्हंजे?"

"म्हणजे सूची निघते. तुमचं नाव, बाईंचं नाव, घर, किंमत. कोणी पण बघू शकतो."

"कोण पण?"

"कोण पण. घरी बसून. मोबाइलवर."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजी शिकलेली, मला हे माहीत असेल असं त्यांना वाटलं होतं. मला माहीत नव्हतं. त्यांचा फोटो काढला, अंगठा घेतला. त्या फोटोत काका कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, पडद्याकडे बघतायत.

आम्ही रिक्षाने सापगावला परतलो. उतरताना काका म्हणाले, "वारा सुटला, बाई."

त्यानंतर ते आमच्याकडेच पुढच्या खोलीत राहायचे, म्हणजे आपल्याच घरात माझ्याकडे. मुलगा पैसे घेऊन गेला होता, खूश होता; बाजारभाव किती ते त्याने तेव्हा विचारलंच नव्हतं. पण काकांची झोप गेली. सकाळी चहा घेताना सुमन आत गेली की हळूच विचारायचे, "काल कोणी बघितलं असंल का?" कोणाच्या हातात मोबाइल दिसला की तो माणूस आपल्या घराचाच भाव बघतोय असं त्यांना वाटे. टपाल वाटणारा मुलगा ओट्यावर बसून क्रिकेट बघत होता, त्याच्यावर त्यांनी पंचा टाकला. गावाला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मी हसू शकत नव्हते. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, फक्त माझ्याकडे पंचा नव्हता.

एकदा मी त्याच कार्यालयात जाऊन विचारून आले की ही नोंद झाकता येते का. तरुण म्हणाला, "बाई, फसवणूक होऊ नये म्हणून तर ठेवतात. एकच घर दोघांना विकतात लोक." त्याचं खरं होतं. मी परत आले.

शेवटच्या आजारपणात काकांनी मला जवळ बोलावलं. बोलणं तुटक झालं होतं. "अजून दिसतं का तिथं?"

"नाही काका," मी म्हटलं. "काढून टाकलं त्यांनी."

मी त्यांना सांगितलेलं खोटं एवढंच. त्यांनी ऐकलं आणि ते म्हणाले, "गुडघा सांभाळा."

ते जाऊन काही वर्षं झाली. मला वाटायला लागलं होतं की कोणी बघणार नाही, कशाला बघेल कोणी सापगावचं एक कौलारू घर. मग निहारचा कागद आला.

तुम्हांला माहीत नाही, पण माझा मोबाइल दिवसातून दोनदा सुमनच्या हातात असतो. चार्जिंगला ती लावते, आणि इराचे नाचाचे फोटो आलेत का तेही तीच आधी बघते. सुमन मराठी उत्तम वाचते. निहार, तू कागद टाकलास तेव्हा मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तेव्हा मोबाइल तिच्याजवळ होता. त्या संध्याकाळी ती तांदूळ निवडत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तोंडावर रेघ हलत नव्हती. पण ती काकांची मुलगी, तिच्या तोंडावरून काय कळणार? मी चार दिवस लंगडले, जास्तच.

तिने पाहिलं नव्हतं. हे मला मागच्या महिन्यात कळलं, त्या रविवारी, जेव्हा तिचा भाऊ आला.

सुमन अंगणात कुरडया घालत होती. तो चप्पल न काढता ओट्यावर चढला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. शहापूरला कोणा दलालाने त्याला काढून दिला होता. तोच कागद, निहार.

"मॅडम, वाचू का मोठ्यानं?"

"बसा," मी म्हटलं. "चहा घ्या."

"चा नको." आणि त्याने वाचलं. मोबदला, आणि मग बाजारभाव. शेजारच्या अंगणातल्या बायका थांबल्या. "तुमी शिकलेल्या. म्हातारा अंगठेबहाद्दर. अर्ध्या किमतीत घर खाल्लं ना? बाकीचे कुठं गेले? का वरून दिले आणि हिनं घेतले?" त्याने सुमनकडे बोट केलं.

मला एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण सुमन समोर उभी होती, दोन्ही हात चिकाने भरलेले. तुमची आजी पंचेचाळीस वर्षं ज्या गावात ताठ मानेने राहिली त्या गावासमोर चोर म्हणून उभी होती, आणि मी गुडघा चोळत होते, कारण दुसरं काय करावं सुचेना.

सुमन माझ्या हाताकडे बघत राहिली. गुडघ्याकडे. मग वळून मागच्या खोलीकडे. मला दिसलं की तिला कळलं.

"दादा," ती म्हणाली, "बाबानं तुला सगळे दिले ना, कागदावरचे?"

"दिले. मंग?"

"त्याचं तू काय केलंस, मी इचारलं कधी?"

"तो वेगळा विषय..."

"मी इचारलं कधी?"

तो हातातल्या कागदाकडे बघायला लागला.

"मंग माझ्या अर्ध्याचं तू नको इचारू."

"तुझं अर्धं? कुठाय तुझं अर्धं?"

"मी राहते त्यात."

तो कागद तिथेच टाकून गेला. वकिलाला विचारतो म्हणाला. विचारेल कदाचित. ती काळजी मला अजून आहे, आणि तुमच्या आईच्या कानावर घातली आहे.

त्याहून मोठी काळजी त्या दिवसापासून घरातच होती. सुमन बोलेनाशी झाली. कुरडया झाल्या, वाळल्या, डब्यात भरल्या, सगळं केलं, पण बोलली नाही. मागच्या खोलीत मशीनवर कापड घातलेलं दिसलं, आणि खाटेवर तीच जुनी पिशवी. मी दारापर्यंत जायची आणि परत यायची. काकांनी तिचं बरोबर ओळखलं होतं. राहा म्हणून सांगायचा मला काय हक्क होता? इतकी वर्षं मी तिला सांगत आले होते की तुझ्यावाचून माझं चालत नाही, आणि आता ते खरं झालं होतं तर ते खोट्यासारखं वाटणार होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात काकांचा पंचा होता.

"बाई, हात द्या."

तिने पंचा टाकला आणि माझी बोटं दाबली. मला आधी कळेना. मग कळलं. ती भाडं सांगत होती. मागच्या खोलीचं भाडं, अंगणवाडीच्या मानधनातून आणि शिवणातून जे निघेल त्यातलं. मी कमी दाबलं. तिने पुन्हा जास्त. मी आणखी कमी. दोघींचे चेहरे सरळ. तिच्या बोटांत बापाचाच जोर आहे, सांगून ठेवते. कुठेतरी मध्ये आम्ही थांबलो.

पंचा काढताना ती म्हणाली, "आणि तो गुडघा. दुखतो का खरंच?"

"आता दुखतो."

"सोमवारी डावा दुखतो आणि बाजाराच्या दिशी उजवा. मला वाटायचं, वयच झालं बाईंचं." आणि ती हसली, चार दिवसांनी. मग आत जाऊन मशीनवरचं कापड काढलं.

तुम्हांला हे लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "पोरांना सांगा. उद्या घर त्यांचंच व्हणार. पण भाव नका सांगू." म्हणून आमचं काय ठरलं तो आकडा इथे नाही. तो तुम्हांला कुठल्या संकेतस्थळावरही मिळणार नाही. तुम्ही लक्षात ठेवायचं ते एवढंच, की हे घर तुम्हांला मिळेल तेव्हा मागची खोली सुमनची, ती आहे तोवर. काकांनी ती मला विकलीच नव्हती.

निहार, तू लूट म्हणालास त्याचा मला राग नव्हता. तुला आकडा दिसला. आणखी काही दिसायची सोयच त्या कागदावर नव्हती.

तो कागद अजून तिथे आहे, तो राहणारच. काका नाहीत, काकी नाहीत, आजोबा नाहीत. घर आहे. शेवगा आहे. सुमन मागच्या खोलीत आहे, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं देते. पंचा तिच्या दारामागे खुंटीला आहे. एका कोपऱ्याला विरलाय, पण अजून दोन हात झाकतील एवढा आहे.